खिशातला कान

"सुभेदार, तुमच्याजवळ बसून एक जरी पोरगं धड वाचाय शिकलं, तर मी तुमची खाकी चड्डी घालून ह्या अंगणात परेड करतो."

असं कल्लाप्पा म्हणाले. जेवणघरात, भाकरी मोडता मोडता म्हणाले. आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या टेबलावर हरणाबाईंना ठसका लागला. सुभेदार हंबीररावांना मात्र त्यातलं 'परेड' तेवढं ऐकू आलं.

"परेड कवा हाय?" त्यांनी विचारलं.

सगळं जेवणघर हसलं. कल्लाप्पांच्या बायकोनं, गुणमालाबाईंनी, हातवारे करून समजावलं, "आवं, पैज लावत्यात हे. तुमाला ऐकू येत न्हाई, तुमी पोरांचं वाचन काय ऐकणार, असं म्हणत्यात."

"मला ऐकू येतं. कल्लाप्पाच तोंडातल्या तोंडात बोलतोय."

"मग लावा पैज," कल्लाप्पा म्हणाले. "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की समदी पोरं माईकवर एकेक पान वाचणार हायती. तुमच्या वाट्याचं पोरगं वाचलं, तर मी चड्डी घालणार. न्हाई वाचलं, तर अंबूबाईंचा डबा तुमी छातीवर लावायचा. समद्यांसमोर. वायर कानात."

आता कुणी हसलं नाही. सुभेदार कल्लाप्पांच्या ओठांकडं बघत होते, त्यामुळं ह्यातलं बरंच पोचलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"लावतो. पण जिंकलो तर त्यो डबा कृष्णेत सोडणार. अंबूच्या मागं. परत कुणी त्याचं नाव काढायचं न्हाई."

"ठरलं."

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी.

हे सगळं झालं तेव्हा मी तिथं नव्हतो. सुभेदारांच्या कपाटात, त्यांच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या खणात गुंडाळलेला पडलो होतो. पण गुणमालाबाईंनी पुढं ही गोष्ट इतक्यांदा रंगवून सांगितली, की मला ती तोंडपाठ झाली. प्रत्येक वेळी हरणाबाईंचा ठसका जरा मोठा व्हायचा.

तर मी एक कानाचं यंत्र आहे. जुनं. हल्लीची यंत्रं शेंगदाण्याएवढी असतात, कानामागं लपून बसतात, शेजारच्याला पत्ता लागत नाही. मी लपणाऱ्यातला नाही. मी काडेपेटीचा मोठा भाऊ शोभेन एवढा डबा आहे. मागं खिशाला अडकवायची पकड, डोक्यावर आवाज कमी-जास्त करायचं चाक, पोटात एक पेन्सिल सेल. माझ्यातून एक वायर निघते, तिच्या टोकाला रबराचं बोंड, ते कानात घालायचं. चाक जास्त फिरवलं किंवा बोंड माझ्याजवळ आलं, की मी शिट्टी मारतो. कुईं. मला तेवढं एकच गाणं येतं, आणि ते मी नेहमी नको तिथं म्हणतो. आरतीला, बारशाला, सांत्वनाला. माझा त्यात दोष नाही, पण मजा येते हे खरं.

कुठल्या तरी कारखान्यात एका बाईनं मला जोडलं आणि माझ्याजवळ तोंड आणून म्हणाली, "एक, दोन, तीन." मी ऐकलेले पहिले शब्द हेच. मग पुष्कळ दिवस खोका आणि अंधार. डोळे उघडले ते वाईला, घाटावरच्या एका देवळाच्या सभामंडपात. कानाचं शिबिर भरलं होतं. खंडाळ्याकडच्या एका गावातून अंबूबाई आल्या होत्या, ऐन पन्नाशीत कान गेलेल्या. डॉक्टरांनी बोंड त्यांच्या कानात घातलं आणि माझं चाक फिरवलं. अंबूबाईंनी घाबरून हात कानाकडं नेला, आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "काकणं वाजत्यात व्हय अजून."

मित्रांनो, माझं कौतुक पुढं खूप जणांनी केलं, पण त्या एका वाक्याची सर कशाला आली नाही.

अंबूबाईंनी माझ्यासाठी खणाची पिशवी शिवली आणि मला गळ्यात घातलं. मी त्यांच्याबरोबर चुलीपाशी असायचो, शेरडांमागं असायचो, बाजारात असायचो. सुभेदार तोफखान्यातून पेन्शनीवर आले होते. कानाशेजारी जन्मभर तोफा उडाल्या, तरी त्यांचं तेव्हा बरं चाललं होतं. ते माझ्याशी फौजेतल्या टेलिफोनसारखं बोलायचे. वाकून माझ्याजवळ तोंड आणायचे आणि म्हणायचे, "हॅलो कंट्रोल, चहाची रसद कुठवर आली?"

"लाईन बिझी हाय," अंबूबाई म्हणायच्या.

रोज तेच बोलणं. रोज दोघं हसायची. मी मधे लोंबकळत असायचो, दोघांच्या हसण्याला पाठीमागून कुईं जोडायचो.

मग अंबूबाई गेल्या, त्यांच्या अस्थी कृष्णेत सोडल्या. सुभेदारांनी माझा सेल काढला, मला त्याच खणात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. दीपमालानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, ती सांगलीला असते, आपल्याला जवळ पडावं म्हणून वडिलांना आष्ट्याच्या बाहेर ह्या 'सांजसोबत' निवासात खोली घेऊन दिली. उसाच्या फडांमधे दोन मजली इमारत. प्रत्येकाला एक खोली, एक खिडकी आणि एक नळ. जेवण एकत्र. सुभेदारांबरोबर त्यांचं कपाट आलं, कपाटाबरोबर मी आलो.

अंधार मला चालतो. मला चालत नाही ती शांतता. सेल नसला की मी काहीच ऐकू शकत नाही. बाहेर कुणी रडलं, कुणी हाक मारली, कुणी गेलं, काही नाही. कपाटात मी किती काळ होतो ते म्हणूनच मला सांगता येत नाही. तिथं काही घडतच नव्हतं, मग मोजायचं काय. आणि कपाटाबाहेर सुभेदारांचंही तसंच चाललं होतं, फक्त ते मला नंतर कळलं. तोफांनी उधार ठेवलेलं बहिरेपण आता वसुलीला आलं होतं. दीपमाला फोन करायची, तर ते "बरं हाय, बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचे. तिनं काय विचारलं हे त्यांना ठाऊकच नसायचं. शेजारच्या खोलीतले कल्लाप्पा संध्याकाळी गप्पा मारायला यायचे. हा माणूस सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे करण्यात हयात घालवलेला, बोलल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. ते ओरडून ओरडून बोलायचे. सुभेदार "व्हय व्हय" म्हणायचे. ऊस तोडला का विचारलं तरी व्हय, कोण वारलं विचारलं तरी व्हय. शेवटी कल्लाप्पांचं येणं कमी झालं.

अशात रस्त्यापलीकडच्या शाळेतल्या माया बाई निवासात आल्या. वर्गात पोरं खूप, बाई एकटी. त्या म्हणाल्या, शाळा सुटल्यावर एकेक मूल एकेका आजी-आजोबांपाशी बसू दे. "शिकवायचं काम माझं. तुम्ही फक्त ऐका."

फक्त ऐका. सुभेदारांनी सगळ्यात आधी हात वर केला. त्यांना वाटलं, बाई सैन्यात कोण कोण होतं असं विचारतायत. आणि त्याच दुपारी जेवणघरात ती पैज लागली.

कल्लाप्पा व्यापारी माणूस. त्यांनी वर एक अट घातली, की डबा सव्वीस जानेवारीपर्यंत सेल घालून सुभेदारांच्या खिशात राहील. "न्हाईतर हारल्यावर म्हणाल, सेल संपलाय." सुभेदार कबूल झाले. गुणमालाबाईंनी नवा सेल माझ्या पोटात घातला. रोज सकाळी कल्लाप्पा सुभेदारांच्या खिशात हात घालायचे, माझं चाक फिरवायचे, कुईं झालं की मान डोलवायचे आणि आवाज थोडा कमी करून ठेवायचे. पूर्ण बंद करत नव्हते. सुभेदारांना मी चालू आहे हे कळायचं काही कारणच नव्हतं.

असा मी परत ऐकू लागलो. वायर गुंडाळलेली, बोंड खिशाच्या तळाशी. मी ऐकायचो ते सगळं त्या खिशातल्या कापडाला सांगायचो. कान वीतभर वर होता, आणि तिथपर्यंत माझी पोच नव्हती.

मी कुणाच्या बाजूनं होतो हे सांगायला नकोच. सुभेदार जिंकले तर मी नदीच्या तळाला, हरले तर मला कान मिळणार. मी म्हटलं, देवा, सुभेदारांच्या वाट्याला सगळ्यात 'ढ' पोर येऊ दे.

आणि आली. क्रांती, चौथीतली. नाव क्रांती, आणि आवाज पिठात मुंगी चालावी तसा. वर्गात वाचताना एकदा अडखळली, पोरं हसली, तेव्हापासून तिनं मोठ्यानं वाचणं सोडलं होतं. बाकीची पोरं चांगल्या चांगल्या आज्या धरून बसली. ऋषिराज नावाचा एक चुणचुणीत पोरगा कल्लाप्पांनी आधीच पटकावला होता. क्रांती सरळ सुभेदारांपुढं येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमाला खरंच ऐकू येत न्हाई?"

"शाब्बास," सुभेदार म्हणाले.

ती फसकन हसली आणि मांडी घालून बसली.

तिचं पुस्तक म्हणजे एका नावाड्याची आणि शेळीची गोष्ट. शेळी नावेत बसायला तयार नसते, एवढंच. क्रांती वाचायची, "शे... ळी... पा... ण्या..." आणि अडली की सुभेदारांकडं बघायची. ते म्हणायचे, "शाब्बास." पान उलटलं, शाब्बास. पान चिकटलं, शाब्बास. मग तिनं एक दिवस परीक्षाच घेतली. पुस्तकात बोट ठेवून, तोंड अगदी गंभीर करून ती म्हणाली, "आणि शेळीनं सुभेदार बाबांची मिशी खाल्ली."

"शाब्बास," सुभेदार म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला.

मला हसू कुठं ठेवावं कळेना. त्या दिवसापासून वाचन संपताना शेळी रोज मिशी खायची. ही गंमत दोघांनाच ठाऊक होती, तिला आणि मला. आणि मी आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

पण सुभेदार नुसते शाब्बास म्हणत नव्हते. ऐकू येत नव्हतं म्हणून ते तिचं बोट बघायचे. बोट दोन शब्दांवरून घसरत गेलं की ते आपला जाड अंगठा पुढच्या शब्दावर ठेवून तो झाकायचे. "घाई न्हाई. एक शब्द, एक गोळा. गोळा कुठं पडला ते बघायचं, धूर बसू द्यायचा, मग दुसरा." तोफखान्यात त्यांना असंच शिकवलं होतं. क्रांतीला ते पटलं. ती एक शब्द टाकायची, धूर बसायची वाट बघायची, मग पुढचा. आणि मित्रांनो, ती सुधारत गेली. जोडाक्षरं आली की पूर्वी पळायची, आता थांबायला लागली. एक दिवस अख्खं पान तिनं न अडता वाचलं. अंगणात सगळीकडं पोरांचा कलकलाट, कुणाचं लक्ष नाही, सुभेदारांना पत्ता नाही. ते पान फक्त मी ऐकलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगू कुणाला.

त्याच संध्याकाळी सुभेदार तिच्याकडं झुकले आणि कानगोष्ट सांगावी तसं म्हणाले, "पोरी, तुला म्हणून सांगतो. मला ऐकू येत न्हाई गं. कुणाला सांगू नगंस. डबा हाय खिशात. पर त्यात अंबूचा आवाज थोडाच येणार हाय. मग कशापायी घालायचा."

आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं. सगळ्या अंगणानं ऐकलं. पोरं गप्प झाली, हरणाबाईंचं विणकाम थांबलं. मग एकाएकी सगळे आपापल्या पुस्तकात डोकं घालून वाचायला लागले, जसं काही कुणाच्या कानावर काही पडलंच नाही.

रात्रीच्या जेवणाआधी सुभेदार हात धूत होते, तेव्हा गुणमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सोडा की ती पैज आता. बरं दिसतंय का?"

"सोडली तर त्यो डबा जन्मात घालणार न्हाई," कल्लाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "वरडून वरडून घसा गेला माझा. मी बोलू कुणाशी, तुझ्याशी?"

"का? मी काय मुकी हाय?"

"तू ऐकून घेतीस कुठं?"

आता माझी अडचण झाली. क्रांतीनं वाचावं असं मला वाटायला लागलं होतं. तिनं वाचलं तर मी कृष्णेत. नाही वाचलं तर मला कान, पण ते पान कुणीच ऐकणार नाही. खिशात पडल्या पडल्या मी दोन्हीकडून हरत होतो.

एक मागणं आहे, ते आत्ताच उरकतो, पुढं गडबडीत राहून जाईल. मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटात एखादा चष्मा, एखादी काठी, एखादा माझ्यासारखा डबा पडला असेल. त्याला बाहेर काढा. पुसा, सेल घाला. आणि घरातलं म्हातारं माणूस सगळ्याला व्हय व्हय म्हणत असेल तर ते खूश आहे असं समजू नका. जरा जवळ जाऊन बसा.

सव्वीस जानेवारीला निवासाच्या अंगणात झेंडा लागला. शाळा इकडं आली होती, पोरांचे आईबाप आले होते, सांगलीहून दीपमाला आली होती. गुणमालाबाईंनी खाकी चड्डी इस्त्री करून आणली होती, न जाणो. कल्लाप्पांनी सकाळी माझं चाक जरा जास्तच फिरवलं आणि गर्दीत ते कमी करायचं विसरले.

झेंडावंदन झालं. पोरं एकेक करून माईकवर वाचू लागली. ऋषिराजनं तर दोन पानं वाचली, मागितलेली नसताना. मग माया बाई म्हणाल्या, "क्रांती."

ती माईकपुढं गेली. नव्या फ्रॉकमधे, हातात हिरवी काकणं. पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. "शे..." ती म्हणाली, आणि कर्ण्यातून तिचाच आवाज एवढा मोठा होऊन परत आला की ती दचकली. पुढचा शब्द निघेना. माया बाई मागून हळू म्हणाल्या, "वाच बाळ." निघेना. सगळं अंगण चिडीचूप.

सुभेदार पहिल्या रांगेत बसले होते. तिचे ओठ हलत नाहीत एवढं त्यांना दिसत होतं. काळजीनं त्यांनी छातीवर हात दाबला, नेमका माझ्यावर. बोंड माझ्या अंगावर आलं.

कुईं.

त्या शांततेत मी कधी नव्हे इतका लांब वाजलो. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं. सगळे सुभेदारांकडं बघून हसत होते आणि सुभेदार इकडं तिकडं बघत होते. काय झालं, कोण हसतंय, कशाला हसतायत. त्यांच्या चेहऱ्यावरही ओशाळं हसू आलं, ऐकू न येणाऱ्या माणसाला येतं तसं.

ते हसू क्रांतीनं बघितलं. ती माईक सोडून खाली उतरली, सुभेदारांपुढं आली आणि त्यांच्या खिशावर बोटानं टकटक केलं.

सुभेदारांनी खिशाला हात लावला, माझी थरथर त्यांच्या बोटांना लागली. मग त्यांना कळलं. ते उठून उभे राहिले.

"कल्लाप्पा," ते म्हणाले, "पोर वाचली न्हाई. मी हरलो."

"आवं सुभेदार, ऱ्हाऊ द्या," कल्लाप्पा म्हणाले. हे मात्र ते हळू म्हणाले, त्यामुळं पोचलं नाही.

सुभेदारांनी मला बाहेर काढलं. शर्टाच्या पुढच्या पट्टीला, अगदी छातीच्या मधोमध, पदक लावावं तसं अडकवलं. वायर सोडवली. बोंड कानात घातलं. गर्दीत कुणीतरी खुदखुदलं, दीपमालानं वळून बघितलं आणि ते थांबलं.

नेमका तेव्हाच रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या आणि कर्णकर्कश गाणी घेऊन. सुभेदारांनी डोळे मिटले, सगळा चेहरा आवळला. त्यांचा हात बोंड काढायला वर गेला. मी मनात म्हटलं, संपलं. एवढ्यात कल्लाप्पा धावले. त्या वयात, त्या पोटानं, फाटकातून थेट रस्त्यात जाऊन ट्रॅक्टरसमोर आडवे हात करून उभे राहिले. "बंद कर रं ते. इंजनबी बंद कर. आमचा माणूस ऐकतोय."

गाणं थांबलं. इंजिन थांबलं. सुभेदारांनी डोळे उघडले. क्रांतीनं फ्रॉकला घाम पुसला आणि पुस्तक सावरलं.

"काकणं वाजत्यात," सुभेदार म्हणाले.

का ते तिला कळलं नाही. त्यांनी मला थोडं वर उचललं, तिच्या तोंडासमोर धरलं.

"हॅलो. कंट्रोल ऐकतोय. बोल."

क्रांतीनं माईककडं बघितलं नाही. ती माझ्याजवळ आली आणि वाचायला लागली. तिच्या त्या मुंगीच्या आवाजात, एक शब्द, मग धूर बसायची वाट, मग दुसरा शब्द. मागच्या रांगांना काही ऐकू गेलं नाही, कुणाला जायची गरजही नव्हती. मी प्रत्येक अक्षर उचलून वर देत होतो. शेळी घाटावर आली, शेळीनं पाय घालून पाणी बघितलं, शेळी नावेत चढली. सुभेदारांच्या तोंडून एकही शाब्बास निघाला नाही. पान संपलं. क्रांतीनं बोट तसंच ठेवलं, सवयीनं, आणि गंभीर तोंड करून म्हणाली, "आणि शेळीनं सुभेदार बाबांची मिशी खाल्ली."

सुभेदारांनी मान वर केली.

"कवा गं?" त्यांनी विचारलं.

क्रांतीचे डोळे मोठे झाले. "बाबा, ऐकू आलं?"

"आलं की. कवा खाल्ली?"

"रोज खातीया," ती म्हणाली. "तुमी रोज शाब्बास म्हणता."

सुभेदारांनी मिशीला हात लावून बघितला. आहे म्हटल्यावर ते खाली बसले, वायर सरळ केली, आणि पुस्तकाचं पान उलटून त्यावर आपला अंगठा ठेवला.

"वाच पुढं," ते म्हणाले. "ऐकतोय."